केळझरची टेकडी

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे किल्ला सहसा उभा राहत नाही. सेवाग्रामच्या मातीच्या भिंती, पवनारास धाम नदीच्या काठी असलेला विनोबांचा आश्रम, हिंगणघाटचा कापसाचा बाजार, अशी चित्रे मनात येतात आणि तेथेच थांबतात. किल्ले पाहावयाचे ते सह्याद्रीत, आणि विदर्भातच पाहावयाचे झाले तर गाविलगडास किंवा नरनाळ्यास जावे, असा सर्वसाधारण समज आहे; आणि तो अगदीच चुकीचा आहे असेही नाही. चार दिवसांची शिदोरी बांधून निघावे, छाती फुटेपर्यंत चढावे आणि दरवाजांमागून दरवाजे ओलांडीत जावे, असा किल्ला वर्धा जिल्ह्यात नाही. परंतु ज्यास एका सकाळीच जाऊन यावयाचे आहे, ज्याच्याबरोबर लहान मुले आणि एखादी वयस्क आत्याबाई आहे, आणि तरीही ज्यास दीड-दोन हजार वर्षांच्या वाटेवरून थोडे चालावयाचे आहे, त्याच्यासाठी या जिल्ह्यात एक टेकडी आहे. तिचे नाव केळझर.

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे प्रथम पवनार लागते, मग सेलू, आणि सुमारे २६ किलोमीटरांवर केळझर. नागपुराहून येणाऱ्यास हेच अंतर पन्नासाच्या आसपास पडते. गावाच्या नावात केळही ऐकू येते आणि झराही ऐकू येतो. त्यातील खरे कोणते ते भाषापंडितांनी ठरवावे. नागपुराहून मुंबईकडे जाणारा जुना रस्ता याच गावावरून जात असे. पुढे १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली. तिने आपली वाट सिंदीवरून काढली, आणि ज्या गावात बैलगाड्यांचे तांडे उतरत ते केळझर एकाएकी आडबाजूस पडले. रस्त्याने दिलेले महत्त्व रुळांनी हिरावून घ्यावे, अशी गावे आपल्या देशात पुष्कळ आहेत. आता चौपदरी रस्ता झाल्यापासून मोटारी पुन्हा येथूनच धावतात. परंतु धावणाऱ्या मोटारीतून टेकडी दिसली तरी दिसत नाही.

टेकडी फार उंच नाही. रमतगमत चढणाराही घटकेच्या आत माथ्यावर पोचतो. देवदर्शनास येणारे बहुतेक जण पायऱ्यांनी चढतात, आणि त्यांच्या नजरेसमोर कळस असल्यामुळे पायांखाली काय आहे याकडे त्यांचे लक्ष जात नाही. ते द्यावे. हा सारा काळा दगड अग्निरसाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून त्यांतून जो तप्त रस वाहिला, त्याचे थरांवर थर बसून दख्खनचे पठार झाले. सर्व थर एकसारखे कठीण नसतात. मऊ थर पावसाने झिजून जातो, कठीण थर टिकून राहतो, आणि म्हणून आपल्या टेकड्यांचे माथे ताटासारखे सपाट व कडा तुटलेल्या दिसतात. किल्ला बांधणाऱ्यास निसर्गाने अर्धे काम अगोदरच करून ठेवलेले असते. तुटलेली कडा ही फुकटची तटबंदी आणि सपाट माथा हे फुकटचे जोते; राहिलेल्या जागी चार हात भिंत घातली की काम झाले. ज्या प्राचीन पुरुषाने प्रथम येथे वर चढून चहूकडे नजर फिरविली, त्यास हे समजावयास कोणत्याही शिल्पशास्त्राची गरज पडली नसेल.

झाडी म्हणाल तर नागपूर-वर्ध्याकडील टेकड्यांवर असते तीच: साग, पळस, मोह, मधूनच सीताफळीची झुडपे. उन्हाळ्यात सागाची वाळलेली पाने पायांखाली कुरकुरतात आणि फाल्गुनात पळस पेटतो. पावसाळ्यानंतर मात्र गवत आणि तरोटा इतका माजतो की एखादा घडीव चिरा त्यात दडलेला असला तर ठेच लागल्यावरच कळावे. किल्ला पाहावयास जाणाऱ्याने म्हणूनच माघ-फाल्गुनात जावे. गवत वाळलेले असते, ऊन सोसण्याजोगे असते, आणि जमीन उघडी पडलेली असल्यामुळे तिच्या मनातले थोडेफार वाचता येते.

माथ्यावर श्रीगणेशाचे देऊळ आहे. विदर्भातील अष्टविनायकांत नागपूरचा टेकडीचा गणपती, अदासा, रामटेक, भंडारा, पवनी, भद्रावती, कळंब यांच्या जोडीला केळझरच्या सिद्धिविनायकाची गणना होते. मूर्ती भव्य आहे. तिची उंची साडेचार फूट आणि घेर चौदा फूट सांगतात. म्हणजे उंचीच्या तिपटीहून अधिक घेर. लंबोदर हे नाव येथे अगदी मापाने सिद्ध झालेले आहे. माघ शुद्ध चतुर्थीस येथे गर्दी लोटते. जवळच पाण्याची जुनी जागा आहे, तिला गणेशकुंड म्हणतात. टेकडीवरच्या पाण्याला देवाचे नाव मिळाले यात नवल नाही. परंतु किल्ल्याचा विचार करणाऱ्याने तेथे क्षणभर अधिक थांबावे. तट पडला तर पुन्हा बांधता येतो, पण पाणी नसलेला किल्ला दोन दिवसही लढत नाही. टेकडीवर वस्ती होती का, या प्रश्नाचे पहिले उत्तर नेहमी पाण्यापाशी मिळते.

वाकाटकांच्या काळी येथे पाच बुरुजांचा किल्ला होता, असे स्थानिक परंपरा सांगते. ही परंपरा ऐकून घ्यावी, पण तिचे दोन तुकडे करून ऐकावी. बुरूज ही जी आपल्या डोळ्यांपुढची वस्तू आहे, तोफेच्या माऱ्यास तोंड देणारी, गोल पोटाची, ती बहुतांशी मोगल-मराठा काळातील आहे. वाकाटकांचा काळ त्याच्या हजार वर्षे आधीचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून पाचव्याच्या अखेरीपर्यंतचा. त्या काळच्या नगरांभोवती मातीचे आणि विटांचे प्रचंड बांध असत. वैनगंगेकाठच्या पवनीस असा बांध व त्याचा खंदक आजही पाहता येतो. तेव्हा परंपरा ज्यास एक किल्ला म्हणते, ते एकावर एक रचलेले दोन-तीन किल्ले असण्याचा संभव अधिक. लोकस्मृती ही काही हिशेबाची वही नव्हे. ती वारसाहक्काने आलेल्या भांड्यांसारखी सारी भांडी एकाच फळीवर मांडते.

परंतु वाकाटकांचे नाव येथे उगाच आलेले नाही. त्यांची एक राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन. चंद्रगुप्त विक्रमादित्याची कन्या प्रभावतीगुप्ता या घराण्यात आली. पती लवकर वारल्यावर लहान मुलांच्या नावाने तिने राज्य चालविले. तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रवरपूर नावाची नवी राजधानी केली, आणि तेथून दिलेले त्याचे ताम्रपट सापडले आहेत. हे प्रवरपूर म्हणजेच वर्ध्याजवळचे पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मोठ्या साक्षेपाने प्रतिपादिले. पवनारास १९६७ साली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले, तेव्हा तेथील वस्ती वाकाटकांच्याही पूर्वीपासून चालत आल्याचे दिसले. विनोबांच्या आश्रमाच्या भूमीत तर शेतीसाठी खणताना रामायणातील प्रसंगांची शिल्पे निघाली. राम-भरत भेटीचे शिल्प त्यांतलेच. आता नकाशावर एक रेघ ओढून पाहावी. एका टोकास नगरधन, दुसऱ्या टोकास पवनार, आणि पवनारच्या अलीकडे चार-पाच कोसांवर, रस्त्याच्या कडेसच, केळझर. राजधानीकडे येणाऱ्या वाटेवर इतकी सोईची टेकडी मोकळी सोडणारा राजा शहाणा म्हणता येणार नाही.

हे झाले अनुमान. गावच्या मंडळींस मात्र अनुमानाची गरज नाही. त्यांच्या दृष्टीने हे महाभारतातील एकचक्रानगर होय. टेकडीमागचे मैदान ते बोट करून दाखवितात आणि ‘तोंड्या राक्षस’ असे त्याचे नाव सांगतात. भीमसेनाने बकासुरास मारले ते तेथेच. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गॅझेटियरांनीही ही समजूत टिपून ठेवली आहे, म्हणजे ती कालपरवाची नव्हे.

बकासुराची गोष्ट लहानपणी प्रत्येकाने ऐकलेली असते. पण ती गाडाभर भात आणि मुष्टियुद्ध यांच्यापुरतीच लक्षात राहते. आदिपर्वात ती वाचली असता निराळीच प्रत्ययास येते. लाक्षागृहातून निसटलेले पांडव ब्राह्मणवेषाने एकचक्रेस राहतात, भिक्षा मागतात. आलेल्या भिक्षेचे दोन वाटे होतात: एक वाटा एकट्या भीमाचा आणि दुसऱ्यात बाकीचे सारे. एके दिवशी चौघे भाऊ भिक्षेस गेलेले असताना घरच्या यजमानाच्या खोलीतून रडणे ऐकू येते. कुंती दाराशी जाऊन ऐकते, तो आत विलक्षण वाद चाललेला. राक्षसास पोचवावयाच्या अन्नाची पाळी या घरावर आली आहे: गाडाभर अन्न, दोन रेडे, आणि ते घेऊन जाणारा माणूस, तोही भक्ष्यच. ब्राह्मण म्हणतो, मी जातो. पत्नी म्हणते, तुमच्यामागे ही पोरे मला सांभाळता यावयाची नाहीत, म्हणून मीच जाते. मुलगी म्हणते, मला कधीतरी परघरी द्यावयाचीच आहे, तर आताच द्या आणि बाकीच्यांस वाचवा. आणि या तिघांच्या रडण्यात बोबडे बोलणारा लहानगा मुलगा गवताची काडी हातात घेऊन म्हणतो, हिने मी त्या राक्षसाला मारतो. रडणाऱ्यांना त्या दुःखातही हसू येते. कुंती आत पाऊल टाकते ती याच क्षणी.

व्यासांनी या प्रसंगात एक वाक्य असे घातले आहे की ते किल्ल्यांचा विचार करणाऱ्यास सहज सोडता येणार नाही. ब्राह्मण कुंतीस सांगतो की या देशाचा राजा वेत्रकीयगृह नावाच्या जागी राहतो, पण प्रजेच्या रक्षणाचा उपाय त्याच्याकडून होत नाही. दुबळ्या राजाच्या राज्यात राहिल्याचे हे फळ आम्ही भोगतो आहो. पत्नीस त्याने पूर्वीच म्हटले होते की हा देश सोडून जाऊ. पण येथे जन्मले, येथे वाढले, येथे माझे आईबाप, म्हणून तिने ऐकले नाही. राजा आहे, त्याचे घर आहे, आणि राक्षसाच्या दारी गाडा मात्र पाळीपाळीने प्रजेनेच न्यावयाचा. संकट आल्यावर बाहेरून आलेली एक परकी स्त्री आपला मुलगा पुढे करते. युधिष्ठिरासारखा धर्मराजही प्रथम तिला रागावतो. ज्या पंचक्रोशीने ही कथा आपल्या टेकडीस लावून घेतली, त्या पंचक्रोशीच्या अंतःकरणात तिचा कोणता भाग रुतला असेल?

याचे उत्तर शोधताना पेंढाऱ्यांची आठवण होते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७-१८ च्या युद्धापर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात पेंढाऱ्यांनी जो धुमाकूळ घातला, त्याच्या खुणा वर्धा जिल्ह्यातील गावोगावच्या मातीच्या गढ्यांत आहेत. राजा नागपुरास, त्याची फौज कोठे तरी मोहिमेवर, आणि गावकरी गुराढोरांसह गढीत शिरून दार लावून घेत आहेत, हा प्रकार एका पिढीस नित्याचा होता. त्या पिढीने आपल्या नातवंडांस दुबळ्या राजाची आणि उपाशी राक्षसाची गोष्ट सांगताना कोठे बोट दाखविले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. कथा पेंढाऱ्यांहून फार जुनी आहे हे खरे. पण जुनी कथाही नव्या भयानेच जिवंत राहते.

आता एकचक्रानगर खरोखर हेच का, असा प्रश्न शहरातला सुशिक्षित मनुष्य विचारल्याखेरीज राहणार नाही. तो मान इतर गावांसही हवा आहे. खानदेशात एरंडोल आपणास एकचक्रा म्हणविते आणि तेथे पांडववाडा दाखवितात. बिहारातील आरा हेच एकचक्रा असे कनिंगहॅमसाहेबांचे मत पडले. बंगालात बीरभूम जिल्ह्यात त्याच नावाचे गाव आहे, नित्यानंद प्रभूंचे जन्मस्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे. पांडव इतक्या ठिकाणी राहिले असतील तर त्यांस वनवासाची बारा वर्षे अपुरी पडली असती. खुद्द विदर्भातच चिखलदऱ्यास कीचकाची दरी दाखवितात आणि मनसरास हिडिंबेची टेकडी. या दाव्यांचा निवाडा करीत बसणे व्यर्थ आहे. पण त्यांस हसून पुढे जाणे हे त्याहूनही वाईट, आणि ते का, हे मनसरच्या उदाहरणावरून दिसेल.

नागपुराहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे रामटेकच्या अलीकडे मनसर लागते. तेथील एका टेकाडास लोक हिडिंबा टेकडी म्हणत. महाभारताच्या क्रमात हिडिंबेची कथा एकचक्रेच्या लगेच आधी येते, हे वाचकांस ठाऊक आहेच. या टेकडीखाली राक्षसी पुरली आहे यावर शिकलेल्या माणसाने विश्वास ठेवावयाचा नाही, हे योग्यच. पण म्हणून टेकडीखाली काहीच नाही असे समजावयाचे कारण नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे उत्खनन झाले, आणि विटांचे भव्य बांधकाम, अप्रतिम शिल्पे व ‘प्रवरेश्वर’ असे नाव असलेल्या मातीच्या मुद्रा बाहेर आल्या. दुसऱ्या प्रवरसेनाच्या नावाचे हे शिवस्थान! तेव्हापासून प्रवरपूर पवनारास नसून मनसरास होते, असे म्हणणारे विद्वान पुढे आले, आणि मिराशींच्या सिद्धांतास तोलाचा प्रतिपक्ष मिळाला. हा वाद अभ्यासकांनी मिटवावा. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की लोकांनी हिडिंबेचे नाव दिले होते ती जागा रिकामी नव्हती. लोकांस राजाचे नाव विसरले, घराणे विसरले, देवाचेही नाव विसरले. पण येथे काहीतरी मोठे होते, एवढे ते विसरले नाहीत, आणि त्या मोठेपणास त्यांनी आपल्या जवळचे सर्वांत मोठे नाव दिले. राक्षसाचे नाव हा अनेकदा जागेस लावलेला पहारा असतो.

केळझरास गणपती आणि भीम यांच्याखेरीज तिसराही साक्षीदार आहे. या परिसरात बुद्धमूर्ती सापडल्या आहेत आणि गावात बुद्धविहार आहे. याचेही आश्चर्य वाटावयास नको. पवनीस १९६९-७० साली प्राचीन स्तूप उजेडात आला. भद्रावतीजवळ विजासनची बौद्ध लेणी डोंगरात कोरलेली आहेत. विदर्भाच्या जुन्या वाटांवर भिक्षू चालत होते, व्यापारी चालत होते, आणि वाटेवरच्या टेकड्या दोघांनाही विसाव्यास लागत होत्या. एका टेकडीच्या पंचक्रोशीत गणेश, पांडव आणि तथागत एकत्र आले, तर ही जागा आमची की तुमची असा तंटा करण्याची हौस काही जणांस होते. टेकडी मात्र प्रत्येक येणाऱ्यास थोडी जागा देत आली आहे, आणि तिचा खरा धोका कोणत्याही देवापासून नाही.

धोका आहे तो फावड्यापासून आणि बालदीपासून. विदर्भातील जुन्या गढ्यांची आणि ओसाड गावठाणांची माती पांढरी असते. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती यांनी ती झालेली असते, आणि म्हणून खत म्हणून, किंवा घरे लिंपावयास, लोक ती गाड्या भरभरून नेतात. गाडीत माती जाते, मातीबरोबर खापरे जातात, मणी जातात, कधी नाणेही जाते. आणि जे थर वाचून अभ्यासकाने येथे कोण केव्हा राहिले ते सांगावयाचे, तो ग्रंथच पानापानाने शेतात पसरला जातो. नेणारा शेतकरी यात काही पाप करीत नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नाही. घडीव चिऱ्यांचे तसेच. तटाचा दगड पडला की तो गोठ्याच्या पायास लागतो. पवनारच्या परीस-राजाची कथा वर्धा जिल्ह्यात सर्वांच्या तोंडी आहे: पवन राजा म्हणे शेतसाऱ्यादाखल लोखंडाचे फाळ घेई आणि परिसाने त्यांचे सोने करी. आज उलटा परीस चाललेला दिसतो. सोन्याच्या मोलाची वस्तू हात लावताच दगडमाती होते.

बालदी म्हणजे रंगाची आणि सिमेंटाची. जीर्णोद्धार हे पुण्यकर्म आहे यात संशय नाही, आणि पडके देऊळ तसेच ठेवा असे म्हणण्याचा अधिकार भाविकांखेरीज कोणास नाही. परंतु जुन्या कोरीव दगडावर तैलरंग चढविला, किंवा फरशी घालताना खालचे जोते फोडून टाकले, तर देवाची शोभा वाढत नाही आणि त्याचे वय मात्र पुसले जाते. शेंदराच्या पुटांखाली काय असते, याचा अनुभव सप्तशृंगगडास २०२२ साली आला. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देवीच्या अंगावरील शेंदराचे जाड कवच काढले, तेव्हा पिढ्यान्पिढ्या झाकलेले मूळ स्वरूप भक्तांस दिसले. तेथे कोणाच्या श्रद्धेस बाध आला नाही. उलट दर्शनास रीघ लागली. विचारपूर्वक आणि जाणत्यांच्या हातून झाले तर भक्ती आणि इतिहास यांचे वैर नसते.

सामान्य गृहस्थास यात काय करता येईल, असे कोणी विचारील. पुष्कळ करता येईल, आणि त्यास पैसे लागत नाहीत. शेतात किंवा पाया खणताना दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा निघाला तर तो जिल्हाधिकाऱ्यांस कळविला पाहिजे, असा १८७८ पासूनचा कायदा आहे. तो भीतीने नव्हे तर आपलेपणाने पाळावा. नागपुरास १८६३ पासून मध्यवर्ती संग्रहालय आहे, सारे त्यास अजबबंगला म्हणून ओळखतात. मुलांस तेथे वाघ-सिंहांच्या पेंढा भरलेल्या कातड्यांपाशी सोडून न देता एकदा ताम्रपटांपाशी आणि शिल्पांपाशी न्यावे. मग तीच मुले टेकडीवर आणावी. ताम्रपट काचेमागे पाहिलेला मुलगा गवतातल्या चिऱ्याकडे निराळ्या नजरेने पाहतो, आणि शाळेच्या सहलीत डब्याची जागा शोधण्यापूर्वी कोणा एकास तरी तट कोठून कोठे गेला असावा हे पावलांनी मोजावेसे वाटते.

माथ्यावर चढून गेल्यावर दर्शन घ्यावे, पाणी प्यावे, आणि मग कळसाकडे पाठ करून कडेकडेने एक फेरी घालावी. रस्ता खाली दोरीसारखा पडलेला दिसतो. एका अंगास सेलू-पवनारची सपाटी, दुसऱ्या अंगास बोरच्या जंगलाकडे चढत गेलेल्या टेकड्यांच्या रांगा. त्या अरण्यास १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प केले गेले. येथून येणारे-जाणारे किती दुरून दिसत असतील याचा अंदाज मुलांसच करू द्यावा. मालविकाग्निमित्रात कालिदासाने विदर्भाचे दोन भाऊबंदांत दोन वाटे करून मध्ये वरदा नदी सीमा घातली आहे. ती वरदा म्हणजे आपली वर्धा. ती येथून दृष्टीस पडत नाही, पण ज्या प्रदेशासाठी ते भाऊबंद भांडले तो प्रदेश पायांखाली आहे.

फेरी घालताना एखादे खापर पायाशी येईल. ते उचलून पाहावे. चाकावर फिरल्याच्या रेघा त्यावर स्पष्ट दिसतात, कधी कुंभाराच्या बोटाचा ठसाही सापडतो. मुलांच्या हाती देऊन तो ठसा त्यांच्या बोटाशी लावून पाहू द्यावा, आणि खापर होते त्याच जागी परत ठेवावे. नंतर पायऱ्यांनी न उतरता मागच्या अंगाने मैदान दिसेल अशा जागी थोडे बसावे. गवताची काडी घेतलेल्या त्या मुलाची गोष्ट लहानांस सांगावयाची तर ती येथेच. ऊन कलावयाच्या आत खाली उतरलेल्यास सेलूवरून पवनारास जाऊन धामकाठची शिल्पे त्याच दिवशी पाहता येतात, आणि दिवेलागणीस वर्ध्यास पोचता येते.